आंघोळीला गेलेले मामा

१

चोरी उघडकीला आली ती मालकाने स्वतःच माल मोडायला काढला तेव्हा.

गुरुवारची सकाळ होती. चष्म्याच्या दुकानात अजून गिऱ्हाईक नव्हतं. मालक काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसून फोनवर बोट फिरवत होते. क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षं साठवलेले पॉइंट देऊन दुकानासाठी एसी मागवायचा, असा त्यांचा बेत होता. ॲप उघडलं, तर पॉइंटच्या जागी शून्य. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. शून्य होतं तिथेच होतं. जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासलेल्या माणसाचा त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

दिवसभर त्यांनी घरी आणि शेजारी चौकशी केली, आणि शुक्रवारी सकाळी दुकानातून फोन लावला तो बँकेला नव्हे, धाकट्या बहिणीला. तिला सगळं घर आत्या म्हणायचं, आणि घराचं ऐकून शेजारपाजारही. एका कार्ड कंपनीच्या तक्रार विभागात तिची सगळी नोकरी गेली होती. "मी कार्डाला हातही लावलेला नाही" असं छातीवर हात ठेवून सांगणारी माणसं तिने इतकी पाहिली होती, की खरं बोलणाऱ्याचाही तिला आधी संशयच यायचा. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची. हातातला चहा अर्धा टाकून ती आली.

तिने मालकांचा, म्हणजे तिच्या दादांचा, फोन घेतला आणि जरा वेळ मान खाली घालून बसली. सगळं स्वच्छ दिसत होतं. मंगळवारी सकाळी, दादा आंघोळीला असतात त्या वेळेला, सगळे पॉइंट एका प्रवास कंपनीच्या कुपनात बदलून घेतले होते. त्या कुपनावर विमानाची तिकिटं निघतात. ती कुणाच्या नावाने निघाली हे बँकेला कळत नाही, आणि प्रवास कंपनी पोलिसांत तक्रार दिल्याशिवाय तोंड उघडत नाही. मात्र एकदा तक्रार गेली की प्रवासी विमानतळावरच अडकतो.

"ओटीपी तुझ्याच फोनवर आला होता," आत्या म्हणाली. "आणि फोन त्या वेळी कुठे होता?"

फोन घरी, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. रोजच असतो. ॲपचा चार आकडी गुप्त नंबर मात्र कुणालाही ठाऊक नाही, असं दादा ठासून सांगत होते. ओळखताही येणार नाही. त्यांची स्वतःची जन्मतारीख नाही, बायकोची नाही, पोराची नाही.

म्हणजे चोर घरातलाच होता, आणि हुशारही होता.

आता हे पॉइंट म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणारा म्हणेल, एका एसीसाठी एवढा गहजब कशाला. दादांना एक मुलगी होती. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि नवऱ्याबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. दादांनी तेव्हा सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं होतं, "तिच्या दारात मी पदरचा पैसा खर्चून पाऊल टाकणार नाही." बोललेला शब्द मागे घेणं दादांच्या स्वभावात नव्हतं. वहिनी वर्षभर गप्प राहिल्या आणि मग एक दिवस भाजी निवडता निवडता म्हणाल्या, की कार्डाचे पॉइंट म्हणजे काही पदरचा पैसा नव्हे. दादा त्यावर हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून काचा, फ्रेमा, विजेचं बिल, किराणा, वहिनींच्या भावाची औषधं, सगळं कार्डावर जायला लागलं. पॉइंट पुरेसे झाले की दोघांनी जायचं, असं घरात कुणी न बोलता ठरून गेलं.

आणि गेल्या सोमवारी रात्री जेवताना दादा म्हणाले, की कुठे जायचंय आता या वयात, दुकानाला एसी घेऊन टाकू. पोराने मान डोलावली. मामा, म्हणजे आठवडाभर मुक्कामाला आलेला वहिनींचा धाकटा भाऊ, म्हणाला, की एवढ्यात तर सगळा देश फिरून होईल. सूनबाईने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही." वहिनी पाणी आणायला आत गेल्या.

"उद्या सकाळी मी तक्रार देणार आहे," दादा आता दुकानात आत्याला म्हणाले. "आणि त्यात नाव घालणार आहे."

"कुणाचं?"

दादांनी दुकानाच्या दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला आणि म्हणाले, "सूनबाईचं."

२

आत्याला सूनबाई आवडायची. पण तक्रार विभागात तिने एक धडा गिरवला होता, की आवडती माणसंही चोऱ्या करतात आणि नावडती माणसं बऱ्याचदा निर्दोष असतात. म्हणून तिने आधी दादांचं सगळं ऐकून घेतलं.

सूनबाई एका प्रवास कंपनीतच नोकरीला होती. पॉइंटची तिकिटं कशी करायची हे घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिला आणि पोराला लग्नापासून कुठे जायला मिळालं नव्हतं. आणि वर एक साक्षीदार होती. समोरच्या दारातली शेजारीण.

आत्या थेट शेजारणीकडे गेली. भिंतीला कान असतात म्हणतात. या बाईंना भिंतीचीही गरज लागत नसे. मंगळवारी सकाळी त्या वाटी परत द्यायला आल्या होत्या. दार लोटलेलं होतं. बेल दाबणार एवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं, आणि कुणाचं बोलणं मध्येच तोडणं बरं नव्हे, म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"शब्द न शब्द सांगते," शेजारीण म्हणाली. "'मामा आंघोळीला गेलेत ना, मग आता करून टाकू या.' बस्स, एवढंच. पुढे माझ्या कुकरची शिट्टी झाली, मी पळाले."

आवाज बाईचा होता की पुरुषाचा, ते तिला सांगता येईना. खरखरीत होता, सर्दी झाल्यासारखा. पण शब्दांविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्यांच्या बोलण्यात पदरचा शब्द घालायचा नाही, हे तिचं तत्त्व होतं, आणि ते तिने आत्याला तीनदा सांगितलं.

दादांनी या एका वाक्यावर सगळी इमारत उभी केली होती. घरात मामाला मामा म्हणणारी माणसं दोनच. त्यातला पोरगा त्याला लहानपणापासून अरेतुरे करतो, तो म्हणेल, "मामा गेलाय." "गेलेत" म्हणणारी एक सूनबाईच. शिवाय पोरगा त्या वेळी दुकान उघडायला गेलेला असतो. मामा दिवसभर बाहेरच्या खोलीत, फोनशेजारीच पेपर पसरून बसतो, म्हणून तो आंघोळीला जाण्याची वाट पाहिली गेली. स्वतः मामानेच सांगितलं होतं, की त्या वेळी तो दुसऱ्या न्हाणीघरात होता. आणि सूनबाईला त्या आठवड्यात सर्दी होती. ऑफिसातल्या कुणाला तरी तिने फोन केला, दादाही आंघोळीला गेल्याचं पाहून नंबर सांगितला, काम झालं.

सुतावरून स्वर्ग म्हणतात तो हाच. पण सूत मजबूत होतं, हे आत्याला मान्य करावं लागलं. एका "गेलेत"वर चोर धरणारा भाऊ आपल्या खात्यात असता तर बरं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं.

समोरचंच दार, म्हणून ती वहिनींकडेही डोकावली. वहिनी मटार सोलत होत्या. चोरीचा विषय आत्याने काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांना त्या पॉइंटांतलं काही कळत नाही, ओटीपी म्हणजे काय तेही नीट ठाऊक नाही. तेवढ्यात गॅसवाल्याचा फोन आला. वहिनींनी तो कानाला न लावता मटारांच्या ताटाशेजारी ठेवला आणि स्पीकर लावला. कानाशी धरलं की त्यांना धड ऐकू येत नसे. गॅसवाल्याचा आवाज सबंध स्वयंपाकघरात घुमला. फोन झाल्यावर आत्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. वहिनी थकल्यासारख्या दिसत होत्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लालसर खुणा होत्या. आत्याला वाटलं, बिचारी रडून रडून डोळे पुसत बसली असेल.

"दादाला कुणाचा संशय आहे, माहीत आहे?" आत्याने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, की ते कुणाचंच नाव घेत नाहीत, नुसते येरझारा घालतात. त्यांना खरंच माहीत नव्हतं. दादांनी सूनबाईचं नाव आत्याशिवाय फक्त एकाच माणसाजवळ, आदल्या रात्री, काढलं होतं, आणि ते माणूस म्हणजे स्वतः सूनबाई.

३

सूनबाई ऑफिसच्या जिन्याखाली, पाण्याच्या यंत्राशेजारी भेटली. भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचं आणि निळ्या पाण्याचं पोस्टर होतं. गिऱ्हाइकांना तिकडे पाठवायचं आणि आपण जिन्याखाली डबा खायचा, असली ती नोकरी. तिचे डोळे सुजले होते.

आत्याने फिरवून बोलण्यात वेळ घालवला नाही. चोरी केलीस का, असं विचारलं. सूनबाई नाही म्हणाली. कुणी केली ते माहीत आहे का, असं विचारलं. यावर ती मूग गिळून बसली.

"हे बघ, तक्रार गेली तर पहिला फोन या ऑफिसात येईल," आत्या म्हणाली. "तुझ्या साहेबांना. नोकरी राहायची नाही. नवऱ्याला कळलं की तो बापाशी भांडेल आणि तुम्ही दोघं घराबाहेर पडाल. एवढं सगळं कुणासाठी?"

सूनबाईने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मंगळवारी सकाळी ती घरी होती का, या प्रश्नालाही तिने उत्तर दिलं नाही. हो नाही आणि नाहीही नाही. ताकास तूर म्हणून लागू दिली नाही.

"आत्या, एक करा," शेवटी ती म्हणाली. "बाबांनी माझं नाव घेतलंय, हे आईंना सांगू नका."

"का?"

"त्यांना सोसायचं नाही."

एवढं बोलून ती वर निघून गेली. आत्या रस्त्याने चालता चालता विचार करत राहिली. चोरी न केलेला माणूस सहसा गळा काढून आपण कुठे होतो ते सांगतो. या पोरीला विचारूनही ते सांगायचं नव्हतं. आपण कुठे होतो हे सांगितलं, तर ते दुसऱ्या कुणावर शेकेल, अशी भीती असेल तरच माणूस असा गप्प बसतो. आणि दादाने उद्याची सकाळ धरून ठेवली होती.

४

मामा कोपऱ्यावरच्या बाकावर सापडला. आत्याला येताना पाहून त्याने हात पाठीमागे नेला. चोराच्या मनात चांदणं. पण पाठीमागून धूर निघत होता, त्याला काय करणार.

मामाला पाच महिन्यांपूर्वी छातीत दुखलं होतं. सिगारेट सोडल्याची शपथ त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून घेतली होती. आत्याने त्याच्याशेजारी बसून फक्त एवढंच विचारलं, की वहिनींना बोलावू का. मामाची पाचावर धारण बसली.

"काय हवं ते विचार," तो म्हणाला. "पण तिला सांगू नकोस."

"मंगळवारी सकाळी तू आंघोळीला होतास?"

मामाने पायाने सिगारेट विझवली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मंगळवारी तो आंघोळीला गेलाच नव्हता. टॉवेल न्हाणीघराच्या दाराला टाकून, आत दिवा लावून, तो मागच्या जिन्याने खाली उतरला होता, आणि हे तो आल्यापासून रोज करत होता. घरात सगळ्यांना वाटायचं, मामा आंघोळीला बराच वेळ घेतो. पण त्याची बहीण लहानपणापासून त्याला ओळखत होती. मंगळवारी जिना उतरताना त्याने तिला वरून सांगताना ऐकलं होतं, "रोज रोज सिगारेट बरी नव्हे रे." त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. तिनेही नंतर विषय काढला नाही, आणि मामानेही आपण पकडले गेलो हे स्वतःशी कबूल केलं नाही.

"त्या वेळी तुला रस्त्यावर कुणी दिसलं?"

"सूनबाई दिसली ना. पर्स सावरत ऑफिसला निघाली होती. तिला दिसू नये म्हणून मी झाडामागे झालो. भावजी तेव्हा आंघोळीला जातच होते, वरून त्यांचा खोकला ऐकू येत होता."

आत्या बाकावरून उठली आणि परत बसली. सूनबाई घरात नव्हती. पोरगा दुकानात होता. मामा झाडामागे होता, आणि तो खाली गेलाय हे घरात उरलेल्या माणसाला ठाऊक होतं. तरी शेजारणीने आतून स्पष्ट ऐकलं होतं, मामा आंघोळीला गेलेत.

मग आंघोळीला गेलेले हे मामा कोण?

५

उत्तर तिला सापडलं ते घरी, स्वतःच्या दाराचं कुलूप काढताना. दारावर अजून तिच्या सासऱ्यांच्या नावाची पाटी होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. सासरे जाईपर्यंत आत्या त्यांना मामाच म्हणत आली होती. किल्ली कुलपात तशीच ठेवून ती क्षणभर उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं स्वतःलाच म्हणाली, आणि उलट्या पावली दुकानाकडे निघाली.

संध्याकाळची गर्दी ओसरली होती. पोराला तिने काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. दादांनी तक्रारीचा मजकूर मनाशी जुळवून ठेवला होता आणि ते तिला ऐकवायला उत्सुक होते. आत्याने त्यांना थांबवलं. मामाची सिगारेट आणि सूनबाईची पर्स, दोन्ही गोष्टी सांगितल्या. दादा ऐकताना खाली पाहत होते.

"म्हणजे त्या वेळी घरात आंघोळीला गेलेला माणूस एकच होता, दादा. तू."

"पण मी कुणाचा मामा?" दादा म्हणाले. "मला बहीण एक, ती तू. तुला मूलबाळ नाही. मला मामा म्हणणारं कुणी जन्मालाच आलेलं नाही."

हे वाक्य आत्याला लागलं, पण आत्ता त्यासाठी वेळ नव्हता.

"जन्माला आलेलं आहे," ती म्हणाली. "तू त्याचं तोंड पाहिलेलं नाहीस, एवढंच. मी माझ्या सासऱ्यांना काय म्हणायचे?"

दादांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं. सासऱ्याला बाबा म्हणायची पद्धत त्यांच्या घरची होती. सगळीकडे ती तशी नसते. जावई आणि सासरा नऊ वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. जावई आपल्याला काय म्हणतो, हे दादांना कळायला वावच नव्हता.

मग आत्याने उरलेलं सांगितलं. शेजारणीने ऐकलेला खरखरीत आवाज सर्दीचा नव्हता, स्पीकरवर लावलेल्या फोनचा होता. घरात फोन स्पीकरवर लावणारं माणूस एकच होतं. दादा म्हणाले, की ते शक्य नाही, तिला मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, चष्मा करून देतो म्हणून आपण सतरा वेळा मागे लागलोय आणि ती नको म्हणते. आत्या म्हणाली, की दुसऱ्या दुकानातून चष्मा घेऊन वहिनी तो मुलीचे मेसेज वाचायला लपून लावतात. नाकावर चष्म्याच्या ताज्या खुणा आहेत. सकाळी त्या आपण रडण्याच्या समजलो, हेही तिने कबूल केलं. गावभरच्या नाकांवर चष्मे बसवणाऱ्या माणसाला घरातलं नाक दिसलं नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो तो असा.

"आणि गुप्त नंबर?" दादांनी शेवटची काडी धरली.

"तूच सांगितलास. तुझी जन्मतारीख नाही, बायकोची नाही, पोराची नाही. मी इतकी वर्षं लोकांचे नंबर पाहिले, दादा. माणूस घरातल्याच कुणाची तरी तारीख टाकतो. तू सगळ्यांची नावं घेतलीस, एकीचं सोडून."

काउंटरवरच्या आरशासमोरची एक फ्रेम दादांनी उगाच सरळ केली. 

"ती तारीख ओळखेल असं माणूस जगात एकच आहे," आत्या म्हणाली. "जिने त्या दिवशी तिला जन्म दिला, ते."

"मग मागायचे होते तिने. चोरायचे कशाला?"

आता मात्र आत्याला राग आला. ती फार क्वचित चिडायची, आणि चिडली की आवाज चढवत नसे, उतरवत असे. तिकिटाचे पैसे दादांकडे कधी नव्हते, असं तिने विचारलं. दुकान बरं चाललं होतं, गेल्या वर्षी घराला रंग काढला होता. पॉइंट हा वहिनींनी त्यांच्यासाठी शोधलेला रस्ता होता, मान खाली न घालता जाता यावं म्हणून. मोठ्या माणसाची आढ्यता राखून त्याला मुलीकडे नेण्याची युक्ती. आणि नेमके पॉइंट पुरे झाले, सबब संपली, तेव्हा दादांना एसी सुचला.

"तू सोमवारी एसी म्हणालास, तेव्हा वहिनींनी काय ऐकलं असेल? तू आठ वर्षं त्यांना पॉइंट दाखवत होतास. त्या त्यांत पोरगी पाहत होत्या."

दादा स्टुलावरून उतरले. मग त्यांनी शटर खाली ओढलं. आत्याने दुसऱ्या बाजूने जोर लावला.

६

घरी सगळे जेवायला बसायच्या तयारीत होते. दादा आत आले आणि चप्पल काढायच्याही आधी सूनबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"मी तुझ्यावर आळ घेतला," ते म्हणाले. "चूक माझी होती. मला माफ कर."

पोराच्या हातात ताटं होती, ती तशीच राहिली. मामा एकदम पाणी प्यायला लागला. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा सुनेकडे पाहिलं. आपल्या कृत्यापायी कालपासून हिच्यावर काय बेतलं होतं, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगं, तू बोलली का नाहीस?"

"मागच्या महिन्यात तुम्ही मला विचारलं होतं ना, पॉइंटवर तिकीट निघतं का म्हणून," सूनबाई म्हणाली. "शून्य झालेलं कळलं तेव्हाच मी समजले. मी त्या वेळी घरी नव्हते असं सांगितलं असतं, तर घरात तुम्हीच उरला असता, आई. आणि बाबांनी तिकिटं रद्द केली असती."

वहिनींनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. दादांकडे वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता.

"मीच केलं. चोरी म्हणायचं तर चोरी म्हणा. तुम्ही एसी म्हणालात आणि माझ्या पायाखालची जमीन गेली. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तुम्ही आंघोळीला गेल्यावर जावयांना फोन केला, त्यांनी तिकडून सगळं सांगितलं, मी इकडून आकडे वाचले. पुढच्या रविवारचं विमान आहे. दोन तिकिटं आहेत. एक तुमच्या नावाचं."

"आणि परतीची?" दादांनी विचारलं.

"ती काढलेली नाहीत. तुम्ही आलात तर परत कधी यायचं ते दोघं मिळून ठरवू. नाही आलात, तर माझं मी ठरवीन."

 बेचाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी असलं वाक्य उच्चारलं नव्हतं, आणि दादांना ते पुरतं कळलं, हे आत्याला त्यांच्याकडे पाहून दिसलं. ते खुर्चीवर बसले. आता ते म्हणतील, जा तुझी तू, आणि घर दोन ठिकाणी होईल, असं तिला वाटलं. जन्मभर त्यांचा हट्ट जिंकत आला होता. तिने मनातल्या मनात देवाला नव्हे, तर भावालाच विनवलं.

"फोन लाव तिला," दादा म्हणाले.

वहिनींनी फोन लावून टेबलावर ठेवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. मग मुलीचा आवाज आला, घाईतला, मागे भांड्यांचा आवाज.

"हं, बोल आई. बाबांना कळलं का?"

दादा फोनकडे वाकले. तोंड उघडलं आणि मिटलं.  क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती. आजच्या दिवसाची एक तर त्यांनी आधीच खर्च केली होती.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.  वहिनींनी साडीचा काठ तोंडाशी धरला.

"तिकडे थंडी फार असते का गं?" दादांनी विचारलं.

पलीकडे एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असते, बाबा," मुलगी म्हणाली. "स्वेटर घेऊन या."